एका संध्याकाळची फुलं

(दृश्य: फुलांच्या दुकानातलं काचेचं थंड कपाट. आत पारदर्शक डबे.)

जूनच्या सुरुवातीचा शुक्रवार. न्यू जर्सीतलं एडिसन. कपाटात डबे एकावर एक रचलेत आणि प्रत्येकावर चिठ्ठी आहे: नाव, शाळा, न्यायची वेळ. आज प्रॉम. बारावीची मुलं शाळा सोडण्याआधी एक संध्याकाळ नटूनथटून एकत्र जेवतात, नाचतात.

मनगटावर बांधायचा लहानसा गुच्छ म्हणजे कोर्साज. कोटाला डावीकडे टाचायचं फूल ते बूटनिअर. दोन्ही शब्द फ्रेंच. बूटनिअर म्हणजे चक्क काज! नेहरूंच्या शेरवानीच्या काजातला गुलाब आठवा, तो बूटनिअरच. कोर्साज म्हणजे चोळीचा छातीवरचा भाग. फूल पूर्वी तिथेच टाचत. आता गाउनला खांदेच नसतात, असलं तर कापड इतकं तलम की टाचणीनं विरावं. म्हणून फूल मनगटावर उतरलं.

(दृश्य: मालकीणबाईंचे हात, जवळून.)

गजऱ्यात फुलं दोऱ्यात गुंफतात. इथे मात्र प्रत्येक फुलाला तारेचा नवा देठ मिळतो. बघा, छोट्या गुलाबाचा देठ बोटभर ठेवून कापला. पाकळ्यांखालच्या हिरव्या गाठीतून बारीक तार आरपार घातली, दोन्ही टोकं खाली दुमडली. आता हिरवी पट्टी. हाताला ती साध्या कागदासारखी लागते, पण ताणली की तिच्यातलं मेण जागं होतं आणि ती स्वतःलाच चिकटत जाते. एका कोर्साजसाठी हे सगळं सात-आठ वेळा.

माझी मुलगी यंदा प्रॉमला निघाली आहे. तिला अनंत हवा होता. कोकणात आजीच्या दारात आहे ना, तोच. इथे त्याला गार्डेनिया म्हणतात आणि कोर्साजसाठी तो जुना, मानाचा. मालकीणबाईंनी एक फूल तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाकळी हलकेच दाब, घरी ने, सकाळी बघ." सकाळी पांढऱ्या पाकळीवर अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटला होता. नाचात, गर्दीत, मिठ्या मारताना त्याचं काय होणार ते तिला न सांगता कळलं.

मला वाटतं, निवड करायची ती अशीच. फोटोत काय शोभेल यापेक्षा पाण्याशिवाय सहा-सात तास काय तग धरेल, हे आधी विचारायला हवं. हायड्रेंजिया सुंदर, पण पाणी तुटलं की लगेच मान टाकतो. छोटे गुलाब, कार्नेशन, डेंड्रोबियम ऑर्किड ही भरवशाची. घरी नेल्यावर फ्रिजमध्ये सफरचंदांशेजारी ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटायला लागतात.

रंगाचं म्हणाल तर मोबाईलमधला फोटो दगा देतो. गाउन आखूड करताना शिंप्याकडे उरलेली चिंधी आणा. हुबेहूब त्या रंगाचं फूल मिळतंच असं नाही. रंग रिबिनीत जुळवावा, फुलं पांढरी किंवा सायीच्या रंगाची घ्यावी. आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला विचारा: कुठला हात मोकळा, कुठल्या फुलानं शिंका येतात. मुलानं कोर्साज आणायचं, मुलीनं बूटनिअर, अशी जुनी रीत. आता मैत्रिणी-मैत्रिणी जोडीनं जातात, तेव्हा दोघींच्या मनगटांवर फुलं असतात.

(दृश्य: घराची पायरी. मुलगा काळ्या कोटात.)

माझ्या मुलीचा मित्र आलाय. बूटनिअर टाचायला त्याची आई पुढे होते. मोत्याच्या डोक्याची टाचणी ती कॉलरच्या मागून घालते, पुढे देठातून नेते, पुन्हा कापडात मागे, म्हणजे टोक दिसत नाही आणि टोचतही नाही. फूल वर, देठ खाली. दोनदा काढून पुन्हा टाचते. मुलगा श्वास रोखून उभा.

मग तो डबा उघडतो. गर्द हिरव्या गाउनशी जुळणारी रिबीन, सायीच्या रंगाचे पाच गुलाब आणि त्यांच्या मागे तीन चकचकीत पानं. ती दुकानातली नाहीत. आमच्या घरातल्या कुंडीत अनंत आहे. काल संध्याकाळी मुलीनं ती खुडून ओल्या कागदात गुंडाळून दुकानात नेऊन दिली होती.

मनगट पुढे करताना ती आधी पानांवरून बोट फिरवते.