हिमराणीची चाल : लेव्ह अतामानोव्ह यांचं अ‍ॅनिमेशन

(दृश्य : बर्फाचा महाल. हिमराणी सावकाश उठून उभी राहते.)

हिमराणीच्या हालचालीकडे नीट बघा. ती मान वळवते, हात पुढे करते, आणि लगेच जाणवतं की ही बाई बाकीच्या पात्रांसारखी हलत नाही. गेर्डा आणि ‘काय’ नावाचा तिचा मित्र ही लहान मुलं गोल चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची, चित्रातली वाटतात. राणी मात्र खऱ्या माणसाच्या मापाची आहे आणि तिच्या चालीला वजन आहे. हे चुकून झालेलं नाही. ‘हिमराणी’ हा चित्रपट १९५७चा, मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा. कथा डॅनिश परीकथाकार अँडरसनची, दिग्दर्शन लेव्ह अतामानोव्ह यांचं.

नाव रशियन वळणाचं असलं तरी माणूस आर्मेनियन. मूळ नाव लेवोन अतामान्यान. आपल्याकडे आडनावात ‘कर’ ऐकला की माणूस कुठला ते विचारावंसं वाटतं. शेवटी ‘यान’ ऐकू आला की तो आर्मेनियन, हे बहुतेकदा विचारावंही लागत नाही. जन्म २१ फेब्रुवारी १९०५, मॉस्कोत. तिथल्याच सरकारी चित्रपट शाळेत लेव्ह कुलेशोव्ह यांच्या हाताखाली शिकून १९२६ साली ते बाहेर पडले. दोन शॉट शेजारी ठेवले की तिसरा अर्थ तयार होतो, हे ज्यांनी प्रयोगाने दाखवलं तेच हे कुलेशोव्ह.

(दृश्य : कृष्णधवल चित्रफीत. कातड्याच्या टोप्या शिवणारा बोका.)

१९३६ साली अतामानोव्ह आर्मेनियाच्या राजधानीला, येरेव्हानला गेले. आर्मेनियात तोवर अ‍ॅनिमेशन नव्हतंच. दोन वर्षांनी, १९३८ साली, ‘कुत्रा आणि मांजर’ आला. आर्मेनियाचा हा पहिला अ‍ॅनिमेशनपट. गोष्ट होव्हानेस तुमान्यान यांच्या कवितेतली आणि आर्मेनियातल्या पोराटोरांना पाठ असलेली. कुत्रा कोकराचं कातडं घेऊन बोक्याकडे जातो : थंडी तोंडावर आलीय, टोपी शिवून दे. बोका म्हणतो, उद्या ये. उद्या गेलं की परवा. कातडं गेलं, टोपीही नाही, आणि तेव्हापासूनचं वैर अजून मिटलेलं नाही.

हीच गोष्ट त्यांनी १९५५ साली मॉस्कोत रंगीत करून पुन्हा काढली. स्वतःचंच काम सतरा वर्षांनी नव्याने करायला घेणारे दिग्दर्शक थोडे. हातात आता रंग होते आणि मोठ्या स्टुडिओतली माणसं होती.

दुसरं महायुद्ध संपल्यावर येरेव्हानमध्ये १९४८चा ‘जादूचा गालिचा’ झाला आणि ते मॉस्कोला परतले. तेव्हा सोयुझमुल्तफिल्ममध्ये एका तंत्राचा फार बोलबाला होता. नाव ‘एक्लेर’. आपल्याला चॉकलेट आठवेल, पण हे नाव आलं एका फ्रेंच यंत्रावरून. इतरत्र याला रोटोस्कोपिंग म्हणतात.

(दृश्य : चित्रकाराचं टेबल. खालून दिवा लावलेली काच, कागद अडकवायच्या पिना.)

एक्लेरचं काम असं चालतं. नट किंवा नटीला वेशभूषा करून प्रसंग करायला लावायचा आणि साध्या कॅमेऱ्याने चित्रित करायचा. मग फिल्मची एकेक चौकट (फ्रेम) काचेवर पाडायची किंवा कागदावर छापून घ्यायची. चित्रकार त्यावर कोरा कागद ठेवून आकृती उतरवतो. प्रत्येक कागदाला भोकं असतात आणि ती टेबलावरच्या पिनांत बसतात. भोक केसभर सैल झालं, तरी पडद्यावर अख्खी आकृती थरथरते.

सेकंदाला २४ चौकटी. ‘हिमराणी’ साधारण ६४ मिनिटांचा, म्हणजे ९२ हजारांच्या वर चौकटी. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी ४६ हजार चित्रं, आणि तीही चौकटीत एकच पात्र आहे असं मानून.

एक्लेर म्हणजे नुसतं गिरवणं, असं वाटतं आणि तिथेच काम फसतं. प्रत्येक चौकट जशीच्या तशी उतरवली, तर कपड्याची चुणी दर चौकटीत नव्या जागी येते आणि रेघा उकळत्या पाण्यासारख्या हलायला लागतात. दुसरी अडचण वजनाची. वेगात हललेला हात फिल्मवर फराटा होऊन उमटतो. गिरवणारा त्या फराट्याच्या मधून अंदाजाने रेघ काढतो आणि हालचालीतला झटका निघून जातो. पाऊल जमिनीला टेकतं खरं, पण पात्र तरंगतं. म्हणून जाणता चित्रकार मोजक्या चौकटी निवडतो, चुण्या चार-पाचांवर आणतो, हालचालीची दोन्ही टोकं मुद्दाम ताणतो आणि मधली चित्रं स्वतःच्या हाताने भरतो.

१९५२चा अतामानोव्ह यांचा ‘किरमिजी फूल’ पाहिला की एक्लेरची हौस आणि एक्लेरचा थकवा दोन्ही दिसतात. पार्श्वभूमी देखणी, पण माणसं रंगभूमीवरच्या नटांसारखी तोलून-मापून हलतात.

(दृश्य : सोन्याची हरिणी टाप मारते, नाणी उधळतात.)

१९५४चा ‘सोन्याची हरिणी’ भारतीय लोककथांच्या धर्तीवरचा. अनाथ मुलगा हरिणीला राजाच्या तावडीतून वाचवतो. तिने टाप मारली की सोन्याची नाणी पडतात. ती राजाला एकच अट घालते : ‘पुरे’ म्हणालास, तर सगळ्याच्या खापऱ्या होतील. राजा म्हणतो, सोनं कधी जास्त होतं का! आणि गळ्यापर्यंत सोन्यात गाडला जातो तेव्हा ‘पुरे’ म्हणून ओरडतो. मराठी माणसाला इथे हसू आवरत नाही, कारण ‘अति तेथे माती’ ही म्हण इथे अक्षरशः घडते. राजवाडा आणि पागोटी मॉस्कोत बसून रंगवलेली, त्यामुळे हा भारत नकाशावर शोधायला जाऊ नये. १९५५ साली कान महोत्सवात या चित्रपटाची खास दखल घेतली गेली.

(दृश्य : सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे, मागच्या बाजूने रंग भरणारा ब्रश.)

रंगकामाचंही सांगायला हवं. कागदावरची रेघ पारदर्शक पत्र्यावर पुढून उतरवतात आणि रंग मागून भरतात, म्हणजे रेघ झाकली जात नाही. रंग जाड बसला तर वाळून तडकतो, पातळ बसला तर दिव्याखाली डाग दिसतात. पत्रा पूर्ण पारदर्शक नसतो; वर एकेक थर चढला की खालचा रंग मळकट होतो. म्हणून तळातल्या पात्रासाठी तोच रंग जरा उजळ कालवतात. एखादं पात्र मध्येच चौकटीतून निघून गेलं, तर त्याच्या जागी कोरा पत्रा ठेवावा लागतो. ठेवला नाही, तर उरलेल्यांचा चेहरा एकदम उजळतो आणि प्रेक्षकाला काहीतरी खटकतं.

आता पुन्हा राणीकडे येऊ. अलेक्सांद्र विनोकुरोव्ह आणि लिओनिद श्वार्त्समान हे कलादिग्दर्शक. राणीसाठी नटी मारिया बाबानोव्हाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आवाजही तिचाच. आणि गोष्ट सांगणारा बुटका ओले-लुकोये अ‍ॅनिमेटर फ्योदोर खित्रुक यांनी हलवला, तो निव्वळ कल्पनेतून, लवचिक आणि खोडकर. दोन्ही पात्रं एकाच चित्रपटातली, पण हालचालीच्या जाती दोन. स्टुडिओभर ज्या तंत्राने माणसं ताठ होत होती, तोच ताठरपणा इथे राणीचा स्वभाव झाला. परकी, थंड, कुणाशी देणंघेणं नसलेली. शेवटी गेर्डा समोर उभी राहते तेव्हा मारामारी होत नाही; राणी मुकाट्याने नाहीशी होते.

संगीत आर्तेमी आयवाझ्यान यांचं. आर्मेनियातला सरकारी जॅझ वाद्यवृंद उभा करणारे तेच.

तिकडे तोकियोत तोएई स्टुडिओत नोकरीला लागलेल्या तरुण हायाओ मियाझाकींनी, म्हणजे पुढे घिबली स्टुडिओ उभा करणाऱ्या दिग्दर्शकांनी, हा चित्रपट पाहिला. अ‍ॅनिमेशन सोडावं की काय, या विचारात ते होते. हा पाहून थांबले, असं त्यांनीच पुढे सांगितलं. २००७ साली त्यांच्याच घिबली स्टुडिओच्या संग्रहालयाच्या पुढाकाराने तो जपानी चित्रपटगृहांत पुन्हा लागला.

(दृश्य : जहाजावर नाचणारी मुलगी.)

नंतर अतामानोव्ह यांनी एक्लेरचं ओझं उतरवलं. १९६७चा ‘बाकडं’ डॅनिश व्यंगचित्रकार बिडस्ट्रुप यांच्या रेघांवर, १९६९चा ‘जहाजावरची नर्तिका’ एकही संवाद नसलेला, आल्फ्रेड श्नित्के यांच्या संगीतावर चालणारा. मग १९७६पासून ‘गाव’ नावाचं मांजराचं पिल्लू. ‘गाव’ म्हणजे रशियनमध्ये ‘भू’! मांजराचं नाव भू. येरेव्हानच्या कुत्र्या-बोक्याचं भांडण इथे एका नावात मिटलेलं. रेघ साधी, मागे जिना, अंगण, माळा, एवढंच.

१२ फेब्रुवारी १९८१ला अतामानोव्ह गेले. ‘गाव’चा पाचवा भाग १९८२ साली आला.

(दृश्य : माळ्यावर अंधारात चमकणारे पिल्लाचे दोन डोळे.)