तुळशीला उलटी प्रदक्षिणा

नमस्कार श्रोतेहो.

सांबरा, मुतगे, निलजी, बाळेकुंद्री या बाजूला तुम्ही राहत असाल, तर सकाळी सातच्या सुमाराला डोक्यावरून जाणारा एक आवाज तुमच्या ओळखीचा असेल. मुंबई-हैदराबादच्या मोठ्या विमानाचा नव्हे. फवारणीचा पंप जरा जोरात चालवल्यासारखा. चार शिटांचं छोटं विमान, आणि सारखी तीच फेरी. उठतं, वळतं, उतरतं, चाक टेकलं न टेकलं तोच परत उठतं. आमच्या गल्लीतले एक काका मला नेहमी विचारायचे, "ह्यांचं वर काय हरवलंय काय?"

काही हरवलेलं नसतं. ती पोरं उतरायला शिकत असतात. उडणं सोपं आहे हो, विमान बनवलेलंच उडायला असतं. सगळा घोळ उतरण्यात.

त्या विमानात मी आता उजव्या बाजूला बसते. उजवी बाजू शिकवणाऱ्याची, डावी शिकणाऱ्याची. आज बोलायचं आहे ते मी डावीकडं बसत होते त्या दिवसांबद्दल. माझ्यानं हे होणार नाही, असं रोज रात्री वाटायचं त्या दिवसांबद्दल.

सांबऱ्याची धावपट्टी 1942 सालची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेली. हवाई दलाच्या जवानांचं प्रशिक्षण तिथं चालतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. वैमानिक घडवायच्या शाळा मात्र अलीकडच्या. 2021 साली विमानतळ प्राधिकरणानं त्यासाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात आपलं बेळगाव होतं, कलबुर्गी होतं, जळगाव होतं. आमचं शेत विमानतळाच्या पलीकडच्या अंगाला. लहानपणी भाताची रोपं लावताना वर बघितलं म्हणून मी आईचा मार खाल्लाय.

बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं, डोळ्यांपासून हृदयापर्यंत तपासणी होते, लेखी पेपर असतात, रेडिओची वेगळी परीक्षा, आणि व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण. हे सगळं कुठंही वाचायला मिळेल, त्यात वेळ घालवत नाही. रेडिओचं तेवढं सांगते, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे.

मी मराठी शाळेत शिकलेली. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. वर्गात बाकीची पोरं फाडफाड बोलायची आणि मी तोंड मिटून बसायची. थ्री म्हणायला गेले की ट्री व्हायचं. मागचे दोघे हसायचे. मग रेडिओ-संभाषणाचा तास आला, आणि सरांनी फळ्यावर लिहिलं की जगभरातल्या वैमानिकांनी तीनचा उच्चार 'ट्री' असाच करायचा असतो! पाचचा 'फाइफ', नऊचा 'नाइनर'. खरखरीत आवाज कुठल्याही देशाच्या माणसाला नीट ऐकू यावा म्हणून हे ठरवून दिलेलं आहे. माझी चूक हाच नियम निघाला. त्या दिवशी मी मागं वळून त्या दोघांकडं बघितलं, एवढंच सांगते. आपल्या सीमाभागातल्या पोरांना तीन-तीन भाषा येतात आणि तरी ती इंग्रजीपुढं मान खाली घालतात. मला याचा फार राग येतो. असो.

तर उतरण्याचं. धावपट्टीच्या जवळ आलं की शेवटच्या काही फुटांत विमानाचं नाक हळूहळू उचलत न्यायचं, वेग आपसूक मरू द्यायचा, आणि मागची चाकं अलगद टेकवायची. लवकर उचललं तर विमान वर तरंगतं आणि मग धपकन पडतं. उशिरा उचललं तर आपटतं आणि चेंडूसारखं उडी मारतं. माझं रोज यातलं एक तरी व्हायचं. कधी दोन्ही. पंधरा तास झाले, वीस झाले. माझ्याबरोबरची पोरं एकेकटी उडून आली. त्यांच्या अंगावर बादल्या ओतल्या, फोटो काढले. मी बाजूला टाळ्या वाजवायला. शिकवणाऱ्यांपैकी एक जण तर म्हणाले, "काहींच्या हातातच नसतं ते." बँकेचा हप्ता डोक्यावर, आणि वर हे वाक्य. रात्री छताकडं बघत पडायची.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मी इथं आले, ती सांगते.

आमच्यात एक सराव सांगतात, जमिनीवर विमान चालवायचा. खुर्चीत बसून नाहीतर चालत चालत सगळी फेरी करायची. हात फिरवायचे, तोंडानं बोलायचं, म्हणजे डोक्यात ठसतं. आमच्या अंगणात पायरीपासून गोठ्यापर्यंत शहाबादी फरशीची पट्टी आहे. ती माझी धावपट्टी. मधोमध तुळस. एका रविवारी डाव्या हातात उपडं ताट, म्हणजे सुकाणू, उजव्या हातात लाटणं, ते पुढं ढकललं की इंजिनाची पॉवर, असं घेऊन मी तुळशीभोवती फिरत होते. तोंडानं चालूच, "बेळगाव टॉवर, डाउनविंड, रनवे टू सिक्स..."

कट्ट्यावर आत्या बसली होती, सुपात शेंगा घेऊन. फोडत होती. तीन फेऱ्या तिनं गप बघितल्या. चौथ्याला म्हणाली, "काय गे, हे काय चाललंय?"

"विमान उडवतोय, आत्या."

आमच्याकडं बायकाही 'येतो', 'जातो', 'करतो' असंच बोलतात. पुण्यात गेले की लोक हसतात. हसू देत.

"विमान उडव," आत्या म्हणाली, "पण तुळशीला उलटी प्रदक्षिणा घालतीस?"

खरंच की. विमानाची फेरी बहुतेक ठिकाणी डावीकडून असते, आणि देवाची उजवीकडून. मी समजावलं, चालवणारा डाव्या शिटावर बसतो, डावीकडं वळलं की धावपट्टी त्याला नीट दिसते, म्हणून.

"मग उजवीकडं बसायचं," आत्या म्हणाली. प्रश्न मिटला.

तरी मी चालूच ठेवलं. "उंची साडेतीन हजार फूट," म्हटलं. आत्यानं सूप खाली ठेवलं. "अंगणात?" मग सांगितलं, बेळगाव समुद्रापासून जवळजवळ अडीच हजार फूट उंचावर आहे, विमान जमिनीवर उभं असतं तेव्हाच काटा तिथं असतो, फेरी त्याच्यावर हजार फुटांनी. आत्या विचार करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी बसल्या जागीच अडीच हजार फुटांवर? तरीच गुडघे दुखतात."

तिला मी मागं एकदा सरला ठकराल यांची गोष्ट सांगितली होती. 1936 साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून एकट्या विमान घेऊन वर गेलेल्या. आत्याचा त्यावर एकच प्रश्न होता, नऊवारी की सहावारी. अशी ही आत्या. तिला आता खेळात गोडी वाटायला लागली. म्हणाली, "खालून सांगणारा असतो म्हणतीस ना, तो मी होते. सांगेन तेव्हाच उतरायचं."

मी शेवटचं वळण घेतलं. फरशीच्या पट्टीसमोर आले, लाटणं मागं ओढलं, वेग कमी केला, ताट धरून हळूहळू गुडघ्यात वाकत खाली येतेय, आणि आत्या ओरडली, "थांब गे! मांजर!"

खरोखर आमचं मांजर फरशीवर येऊन पाय चाटत बसलं होतं.

"आत्या, विमान हवेत थांबत नाही."

"मग काय करतीस?"

"परत वर जातो. पूर्ण पॉवर. फेरी मारून परत येतो."

"मग जा की वर! बोलत काय बसलीस?"

गेले वर. लाटणं पुढं, गुडघे सरळ, परत तुळशीला उलटा वळसा. पुन्हा आले तर आत्या म्हणे कोंबडी आली. खोटं बोलत होती, आमच्याकडं कोंबड्याच नाहीत. पुन्हा वर. मग दुधाचा गडी आला, तो खराच आला होता, हातात किटली घेऊन दारात थिजून उभा. पुन्हा वर. पाचव्या खेपेला मी दमले. आत्या शेंगा फोडत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "असं किती वेळा वर जाता येतं गे?"

"टाकीत तेल आहे तोवर. टाकी भरलेली असली तर चार तास तरी."

"कोण ओरडत नाही?"

"नाही. उलट नीट दिसत नसलं तर वर जावंच, असं शिकवतात."

आत्यानं टरफलं फुंकली. "मग तुला रात्री झोप का येत नाही?"

श्रोतेहो, मी तशीच उभी राहिले. एका हातात ताट, एका हातात लाटणं.

कारण हे मला पाठ होतं. परत वर कसं जायचं, हे पहिल्या काही तासांतच शिकवतात. आधी पॉवर, मग नाक सांभाळायचं, मग पंखांमागचे फ्लॅप्स एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं घ्यायचे. परीक्षेत विचारलं तर मी झोपेत सांगितलं असतं. पण मनात मी त्याला नापास होणं म्हणून ठेवलं होतं. उतरायला निघाले म्हणजे उतरलंच पाहिजे, ह्याच खेपेला, सगळे बघताहेत. मग धावपट्टी वाकडी दिसत असली तरी मी रेटायची, आणि रेटलं की आपटायची.

पुन्हा सांगते, उतरायला निघालो म्हणजे उतरलंच पाहिजे असं नाही. परत वर जाता येतं.

आपल्याकडं हे कुणी सांगतच नाही. दहावीचा एक पेपर, मुलगी बघायचा एक कार्यक्रम, तीन तासांत नाहीतर पोह्यांच्या बशीत माणसाचं भवितव्य. आणि अंगणं तरी कुठं राहिलीत आता? नवीन घर बांधलं की दारात गाडीसाठी शेड, तुळस गच्चीवर प्लास्टिकच्या डब्यात. तिच्याभोवती विमान कसं फिरवणार सांगा. मी बाबांना बजावून ठेवलंय, फरशीला हात लावायचा नाही.

त्यानंतर माझं उतरणं काही एका रात्रीत सुधारलं नाही. पण रेटणं थांबलं. आणि रेटणं थांबल्यावर नजर मोकळी झाली. मी चाकासमोरची डांबर बघत होते, बघायचं असतं धावपट्टीच्या पार टोकाकडं. नांगर धरणाऱ्याला विचारा, तास सरळ यायला बैलाच्या पायाकडं बघत नाहीत, बांधावरच्या झाडाकडं बघतात. बाबा मला हे केव्हाचे सांगत होते, मी ऐकत नव्हते. बापाचं कोण ऐकतं?

सप्टेंबर संपत आला होता. सकाळची वेळ, पश्चिमेचा हलका वारा. तीन फेऱ्या झाल्यावर माझे कॅप्टन म्हणाले, "बाजूला घे." इंजिन चालूच. त्यांनी हेडसेट काढला, उतरले, रिकाम्या शिटाचा पट्टा मोकळा लोंबू नये म्हणून आवळून बांधला, दार लावून बाहेरून दोनदा ओढून बघितलं. एक बोट दाखवलं. एक फेरी.

उजवं शीट रिकामं. तुमच्या शेजारी रोज बसणारं माणूस नसलं की शीट केवढं मोठं दिसतं.

त्यांचं ऐंशी किलो वजन कमी झालेलं. विमान भुईवरून असं सुटलं की मी दचकले. रोजच्या वळणापर्यंत पोचायच्या आधीच काटा पुढं गेलेला. हलकं विमान लवकर चढतं आणि उतरताना खाली यायला मागत नाही. हे सांगितलेलं होतं मला, पण ऐकणं वेगळं आणि खाली धावपट्टी सरकताना बघणं वेगळं. शेवटचं वळण घेतलं तर मी उंच. वेगही जास्त. खाली कॅप्टन उभे, पलीकडं सगळी पोरं मोबाईल धरून उभी. पट्टी खालून सरकत चाललेली.

आणि माझ्या कानात टॉवरच्या आधी आत्या बोलली. जा की वर! बोलत काय बसलीस?

पूर्ण पॉवर. नाक आपोआप वर उठायला बघत होतं, ते दाबून धरलं. "गोइंग अराउंड," म्हटलं. आवाज कापला नाही, हे मला नंतर इतरांनी सांगितलं.

दुसऱ्या खेपेला उतरले. फार सुंदर वगैरे नाही, एक बारीक उडी मारली विमानानं. पण उतरले. कॅप्टन म्हणाले, तू परत वर गेलीस ते बघूनच तुझ्या पुढच्या एकट्या उड्डाणाला मी मनातल्या मनात सही केली होती. मग बादल्या झाल्या, डोक्यापासून बुटापर्यंत.

तशीच ओली स्कूटरवरून घरी आले. आत्या कट्ट्यावर. सगळं सांगितलं, एकटी गेले, पहिल्यांदा उतरायला आले ते जमेना, परत वर गेले, मग उतरले.

तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मांजर होतं काय गे?"