आखाड्याला कुत्रं कोणतं?

[दृश्य : परभणी जिल्हा. सोयाबीनची काढणी संपलेली. आखाड्यासमोर ताडपत्री टाकलेली गंजी.]

सोयाबीन कापून गंजी लागली की आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, झोप उडते. मळणीयंत्र मिळेपर्यंत माल उघड्यावर पडून. विहिरीवर मोटार, डीपीपासून आलेली केबल, गोठ्यात बैल, दावणीला शेळ्या, आणि रात्री तिथं सालगडी एकटा. मराठवाड्यात कुत्र्याचा विषय निघतो तो इथून. मागणीही ठरलेली असते : पिल्लू कडक पाहिजे.

पण त्याच्याकडून काम कोणतं करून घ्यायचंय? रात्री लांबूनच भुंकून उठवायचं? परक्याला फाटकाशी अडवून धरायचं? का धरलं की मालक म्हणेपर्यंत सोडायचं नाही? पहिलं काम गावातलं कुठलंही कुत्रं करतं. दुसऱ्याला जिगर लागते. तिसऱ्याला जिगर, जात, दोन वर्षांची मेहनत आणि रोज वेळ देणारा माणूस, एवढं सगळं लागतं. आपल्याकडे तिसऱ्या कामाचं कुत्रं विकत घेतलं जातं आणि त्याला पहिल्या कामावर बांधून ठेवलं जातं.

[दृश्य : मोकळं मैदान, सकाळची वेळ. हातावर जाड स्लीव्ह चढवलेला माणूस पळतोय. मागून कुत्रं झेपावतं.]

स्लीव्हवर, म्हणजे चावा घेऊ देण्यासाठी हातावर चढवलेल्या जाड बाहीवर, झेपावणारं हे कुत्रं चिडलेलं वाटतं. त्याच्या शेपटीकडे बघा, कानांकडे बघा. ते खेळतंय. पळती वस्तू दिसली की पाठलाग करायचा, धरायची, झटके द्यायचे, आपल्याकडे ठेवायची. शिकारीची ही जुनी ओढ. प्रशिक्षक तिला प्रे ड्राइव्ह म्हणतात. पिल्लापुढे चिंधी ओढली की ती जागी होते. पुढे चिंधीच्या जागी गोणपाटाची गुंडाळी येते आणि गुंडाळीच्या जागी स्लीव्ह. यात राग नसतो, म्हणूनच चावा पूर्ण जबड्याने, घट्ट आणि शांत पडतो.

दुसरी ओढ बचावाची, डिफेन्सची. समोरचा अंगावर येतोय, नजर रोखतोय, काठी उगारतोय. मग कुत्रं दात दाखवतं, पाठीवरचे केस उभे राहतात. चोर काही स्लीव्ह घालून येत नाही, त्यामुळे राखणीच्या कुत्र्यात ही ओढसुद्धा हवी. फक्त तिच्याखाली मन कणखर पाहिजे. ते नसेल तर बचावाची नुसती भीती होते. असं कुत्रं पुढच्या दातांनी चिमटा काढल्यासारखं चावतं, सोडतं, मागं सरतं, पुन्हा चावतं. गावात ज्याच्या नावानं सगळे बिचकतात ते कुत्रं पुष्कळदा हेच असतं. साखळीला असलं की तुटून पडतं, साखळी सुटली की गोठ्यामागं जातं. पाहुण्याच्या लेकराला चावतं तेही हेच.

[दृश्य : जर्मन शेफर्डची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

या दोन ओढींचा समतोल ज्या जातीत मुद्दाम बांधला गेला ती जर्मन शेफर्ड. आपल्याकडे जुनी माणसं अजून अल्सेशियनच म्हणतात. माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन घोडदळाच्या अधिकाऱ्यानं १८९९ मध्ये मेंढपाळाचं एक कुत्रं विकत घेतलं, त्याला होरांड फॉन ग्राफराथ असं नाव दिलं आणि त्याच वर्षी जातीची संघटना उभी केली. त्याचा आग्रह कामाचा होता, दिसण्याचा नव्हता. त्या आग्रहातून पुढे शुट्झहुंड नावाची परीक्षा आली. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण, असे तिचे तीन भाग. पैदाशीला कोणता नर, कोणती मादी ठेवायची हे त्यावरून ठरायचं. आज हीच परीक्षा आयजीपी या नावानं होते.

तिचा संरक्षणाचा भाग एकदा तरी पाहावा. मैदानात सहा आडोसे असतात. त्यातल्या एकामागं माणूस लपलेला. कुत्रं एकेक आडोसा शोधत जातं, माणूस सापडला की त्याच्यासमोर उभं राहून भुंकत राहतं. तो हलत नाही तोवर चावायचं नाही. चावलं तर गुण जातात. तो पळाला किंवा अंगावर आला तरच धरायचं, आणि आउट म्हटलं की तत्क्षणी सोडायचं. आमच्या मते या परीक्षेची सगळी गंमत त्या न चावण्यात आहे. तापलेल्या कुत्र्यानं स्वतःला आवरणं हे धरण्यापेक्षा कितीतरी अवघड.

चांगला जर्मन शेफर्ड माणूस ओळखतो. घरचा कोण, नेहमीचा दूधवाला कोण, अवेळी आलेला कोण, हे तो स्वतःच मनात मांडत असतो. आपली हद्द जपतो. नर ३० ते ४० किलोचा. पण बाजारात जे मिळतं ते बहुतेक शो लाइनचं, म्हणजे कामासाठी नाही तर दिसण्यासाठी पैदास केलेलं : पाठ उतरती, केस लांब, दिसायला राजबिंडं, आणि फटाका वाजला की खाटेखाली. खुब्याच्या सांध्याचं दुखणंही या जातीत फार.

[दृश्य : मॅलिनॉ भिंत चढून पलीकडे जातो. हळू गतीत.]

हा बेल्जियन मॅलिनॉ. बेल्जियममधल्या मेखेलेन भागातलं मेंढपाळाचंच कुत्रं. नर २५ ते ३० किलो, म्हणजे शेफर्डपेक्षा हलका. पण वेगानं आणि उडीनं त्याला मागं टाकणारा. आज जगभरातली सैन्यं आणि पोलीस दलं याच्याकडे वळलीत. आपल्याकडे सीआरपीएफ, आयटीबीपी, एनएसजी यांच्याकडे मॅलिनॉ आहेत. हलक्या अंगामुळे उन्हातही तो शेफर्डपेक्षा जास्त वेळ टिकतो.

सोशल मीडियावर त्याचे व्हिडिओ बघून आता लातूर-नांदेडकडेही पिल्लं येऊ लागलीत. इथं स्पष्टच सांगतो. हे कुत्रं आखाड्याचं नाही. त्याची ओढ इतकी तीव्र असते की काम मिळालं नाही तर ते स्वतः काम शोधतं : मोटारसायकलचं चाक, शेळीचं पिल्लू, स्वतःचीच शेपटी. क्षणात पेटतं. शेफर्ड जिथं एक श्वास घेऊन बघतो, तिथं मॅलिनॉ पोहोचलेला असतो. त्याला हाताळणारा माणूस रोज, दोन्ही वेळा, कित्येक वर्षं मैदानात हवा. सालगड्याकडे तेवढा वेळ कुठला?

रॉटवायलरचा पिंड उलटा. जर्मनीतल्या रॉटवाइल गावचे खाटीक आणि गुरांचे व्यापारी त्याच्याकडून गुरं हाकून घ्यायचे. नर पन्नासेक किलोचा. सहसा पेटत नाही, पण पेटला तर वजनानंच माणूस खाली येतो. फार भुंकत नाही, नुसता उभा राहून बघतो, आणि परक्याला तेवढं पुरतं. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये ज्या जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं त्यात हाही होता. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केलं.

डॉबरमन जर्मनीतल्या अपोल्डाचा. कार्ल फ्रीड्रिख लुई डोबरमन हा करवसुली करणारा माणूस. सोबत धाक बसेल असं कुत्रं त्याला हवं होतं. म्हणून डॉबरमन आजही जागेपेक्षा माणसाला जास्त चिकटतो. मालकाच्या पायाशी हवा असलेला हा पहारेकरी मालक तालुक्याला राहत असेल तर आखाड्यावर एकटा झुरतो. हृदयविकार या जातीत बराच.

लॅब्रडॉर? स्फोटकं शोधायला उत्तम. चोराला पाणी दाखवणार नाही, शेपटी हलवून गोठा दाखवेल.

[दृश्य : लातूर जिल्हा. नांगरलेल्या रानातून कारवानी कुत्री धावतात.]

आता घरचा विषय. लातूर, उदगीर, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यात कारवानी आणि पश्मी कुत्र्यांचा अभिमान पिढ्यान् पिढ्यांचा. कारवानी गुळगुळीत अंगाची. पश्मीच्या कानांवर, शेपटीवर रेशमासारखे केस. शेजारच्या कर्नाटकातलं मुधोळ आणि कारवानी यांचं रक्त जवळजवळ एकच. मुधोळच्या नावानं २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं लष्कराच्या मेरठ केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. त्यानंतर आपल्याकडे एक समज पसरला : लष्करानं घेतलं म्हणजे राखणीलाही हेच भारी.

हे कुत्रं डोळ्यानं शिकार करणारं. लांब मुस्कट, खोल छाती, आत ओढलेलं पोट. दूरवर काही हललं की निघालं. पाठलागाची ओढ त्याच्याइतकी कुणात नाही. ती ओढ सशासाठी आहे, माणसासाठी नाही. ससा दृष्टीआड झाला की त्याचा विषय संपतो. माणसाला दातात धरून ठेवणं त्याच्या रक्तात पेरलेलंच नाही. परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, ते अंतर राखून राहतं. गस्तीला, लांब नजर ठेवायला ते उपयोगी. रानातली हरणं, रानडुकरं हुसकून लावायला तर त्याला तोड नाही. मात्र ससा किंवा हरीण मारू दिलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मालक अडकतो. स्लीव्हवर सोडून कारवानीची चेष्टा करणारे व्हिडिओ फिरतात, ते बघून राग येतो. घोड्याला औताला जुंपून बैलापेक्षा कमी म्हणावं, तसला हा प्रकार.

[दृश्य : बीड-धाराशिवचं माळरान, संध्याकाळ. मेंढरांचा कळप आणि सोबत दोन कुत्री.]

या माळरानावर लांडगा अजून आहे. धनगराच्या कुत्र्याला कुणी स्लीव्ह दाखवलेली नसते. पिल्लू मेंढरांतच वाढतं, त्यांच्यातच झोपतं, आणि तो कळप त्याचं घर होतो. त्याला पाठलागाची ओढ जास्त असून चालतच नाही. नाहीतर ते मेंढराच्याच मागं लागेल. रात्री मेंढरं बसली की ते बाजूला, जरा उंचवट्यावर पडून राहतं. वास आला की उठतं, भुंकतं, मध्ये उभं राहतं. लांडगा गेला की पुन्हा येऊन पडतं, त्याच्या मागं कोसभर जात नाही. आखाड्याला लागणारी राखण नेमकी हीच आहे, आणि ती करणाऱ्या कुत्र्याला ना वंशावळीचा पेपर, ना केनलचं, म्हणजे पैदास करणाऱ्याचं, नाव.

साधं गावठी कुत्रंही कमी लेखू नका. कानाला तिखट, संशयी, उन्हात टिकणारं. धरून ठेवणार नाही, स्वतःचा जीव जपूनच भुंकेल. पण दोन गावठी कुत्री मोकळी असतील तर केबल कापायला आलेला माणूस खांबापर्यंत पोहोचायच्या आत सालगडी बॅटरी घेऊन बाहेर आलेला असतो. आणि वाड्यातलं ते चिमुकलं पांढरं पॉमेरियन? हसू नका, त्याच्याइतकी स्वस्त घंटा दुसरी नाही.

आता एक गोष्ट जातीच्याच विरोधात जाणारी. अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून केलेला अभ्यास २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीनं समजतो, असं त्यात निघालं. ती घरगुती कुत्री होती. पिढ्यान् पिढ्या परीक्षा घेऊन निवडलेल्या कामाच्या रक्ताला हा आकडा तसाच लावता येणार नाही. पण आपण विकत घेतो ते पिल्लू कुठल्या परीक्षेतून आलेलं असतं? तेव्हा जातीच्या नावावर पैसे मोजताना हा आकडा आठवावा.

[दृश्य : मे महिना. पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेला, धापा टाकणारा कुत्रा.]

मराठवाड्याचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकत ते अंग थंड करतं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास. ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ. दुहेरी केसांचा शेफर्ड किंवा काळा रॉटवायलर पत्र्याखाली दुपारभर बांधणं हा सरळ छळ आहे. वरून गोचीड. गोचीड तापानं रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात, नाकातून रक्त येतं, आणि मोठ्या हौसेनं आणलेलं कुत्रं हातचं जातं.

साखळीचंही तसंच. दिवसरात्र बांधलेलं कुत्रं राखण शिकत नाही, ते चिडत राहतं आणि सुटलं की समोर येईल त्याला चावतं. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठून रेबीजची लस घ्यायची. कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. जनावराबाबत हयगय करणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

[दृश्य : माळेगाव यात्रा, लोहा तालुका. भंडारा, घोड्यांचा बाजार, पिल्लं घेऊन बसलेली माणसं.]

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. या देवाच्या पायाशी कुत्रं असतं, आणि त्याच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शनही भरतं. इथं पिल्लू बघत असाल तर सात-आठ आठवड्यांचं बघा. जवळच जमिनीवर स्टीलचं ताट पाडा. दचकेल, दचकू द्या. त्यानंतर ते किती वेळात ताटाकडे वास घ्यायला येतं ते मोजा. चिंधी ओढून बघा, धरतं का, आणि हलका हिसका दिल्यावर सोडतं का आणखी घट्ट करतं. उचलून उताणं धरा, सुरुवातीला झटापट करून मग शांत होणारं चांगलं. कोपऱ्यात बसून गुरगुरणाऱ्या पिल्लाला विकणारा कडक म्हणेल. ते घेऊ नका.

आणि आई बघायला मागा. ती परक्याला लांबून भुंकते, पण मालकानं हाक मारल्यावर गप्प होऊन येते का, एवढं बघा. आई घरी आहे म्हणाला तर पत्ता घ्या, यात्रा उरकल्यावर जा. पिल्लू तेव्हाही मिळतं.