धरण उशाला, कोरड घशाला: शहापूरचं पाणी मोजताना

ठाण्यात सकाळी नळाला जे पाणी येतं ना, त्यातलं बरंचसं भातसा नदीचं. पिसे बंधाऱ्यावर उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि मग पाइपलाइननं शहरात आणायचं. मुंबईच्या सात तलावांत मिळून जेवढं पाणी साठतं त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसा धरणात असतं. हे धरण शहापूर तालुक्यात, 1892 चं तानसाही तिथलंच. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच.

पाऊस कमी पडतो असं अजिबात नाही, 2000 मिलीमीटरच्या वर पडतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार असा की पाणी मुरायच्या आधीच ओढ्याला लागतं, आणि जे थोडंफार मुरतं तेही दिवाळीनंतर हळूहळू झऱ्यांवाटे निघून जातं, त्यामुळे होळीच्या सुमारास विहिरी तळाला जायला लागतात.

पवईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं एक केंद्र आहे, सीटीएआरए, 1985 पासूनचं. तिथल्या एमटेकच्या पोरांना गावात जाऊन राहावं लागतं, आणि शहापूर, कर्जत, मोखाडा या पट्ट्यात पाण्यावर त्यांनी भरपूर काम केलंय.

काम दिसायला साधं. टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचं, वर ओढल्यावर ओली खूण कुठवर आलीय ते वाचायचं, वहीत लिहायचं, परत काही दिवसांनी तीच विहीर. पण असे आकडे हातात आले की पाणी नक्की कधी संपायला लागतं ते कळतं, आणि मे महिन्याचा टँकर फेब्रुवारीतच मागता येतो. मला स्वतःला हे फार मोठं वाटतं.

दुसरं दुखणं नळयोजनांचं. टाकी बांधलेली असते, पाइप टाकलेला असतो, तरी टोकाच्या पाड्याला थेंब नाही. कधी पंपाचं वीजबिल थकलेलं, कधी वरच्याच गावात पाणी संपतं, कधी पाइपचा व्यासच चुकलेला. टाकीची उंची, पाड्याची उंची, मधलं अंतर, माणसं किती, हा सगळा हिशोब जमला तरच शेवटच्या नळाला प्रेशर राहतं. त्यासाठी आयआयटीतच जलतंत्र नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय, कुठे किती व्यासाचा पाइप टाकला तर कमीत कमी खर्चात पाणी पोचेल ते सांगणारं, आणि ते फुकट वापरता येतं.

आणि हे सगळं इंग्रजी रिपोर्टमध्ये पडून राहिलं तर काय उपयोग? विहिरींचा नकाशा ग्रामसभेत मराठीत मांडला की बायका लगेच बोट ठेवून सांगतात, ही विहीर नाही ओ टिकत, टिकते ती खालची. पाणी भरणारीलाच ते माहीत असतं. ग्रामसेवकासमोर, तालुक्याच्या इंजिनियरसमोर नुसती तक्रार घेऊन जाणं वेगळं आणि तारीखवार पातळ्या घेऊन जाणं वेगळं.

2016 पासून राज्यात उन्नत महाराष्ट्र अभियान आहे, त्यात इतर कॉलेजांनीही आपापल्या जिल्ह्यात असे अभ्यास करावेत अशी कल्पना आहे. ठाणे-नवी मुंबईत इंजिनियरिंग कॉलेजं काय कमी आहेत? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एक पाडा घ्या, त्याची एक नळयोजना आणि दोन विहिरी घ्या. पहिली नोंद दिवाळीच्या सुट्टीत करा, म्हणजे मेपर्यंतचा पूर्ण आलेख हातात येईल.