दफन-नोंदवहीत नसलेला रकाना

नमस्कार. आज आपण इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात एखाद्या जुन्या सैनिकाची कबर कशी शोधली जाते, आणि त्या शोधात सैनिकाशी कसलेही नाते नसलेल्या माणसांचा हात कुठे लागतो, हे पाहणार आहोत. सुरुवात एका छापील पानापासून करतो. १८१२ साली ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यामुळे १ जानेवारी १८१३ पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला, दफनाच्या नोंदी ठराविक छापील नोंदवहीत ठेवाव्या लागल्या. एका पानावर आठ नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत मृताचे नाव, त्याचे राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी चालवणाऱ्या धर्मगुरूची सही, एवढे रकाने असत. आता या पानावर काय नाही ते पाहा. कबर आवारात नेमकी कुठे खणली, हे लिहिण्यासाठी रकानाच ठेवलेला नाही.

हा हलगर्जीपणा होता असे मला वाटत नाही. कबर खणणारा चर्चचा सेवक गावातलाच असे, प्रेतामागून चालत आलेली माणसे शेजारपाजारची असत, आणि मृताची विधवा दर रविवारी प्रार्थनेला येताना त्याच वाटेने येत असे. साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर उतरवण्याची गरज कोणाला भासणार? पण ती विधवा गेली, तो सेवक गेला, मुले लंडनला, कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला गेली, आणि दीडशे वर्षांनी त्या सैनिकाच्या खापरपणतीच्या हाती उरली ती फक्त नोंदवहीतली एक ओळ, जी सांगते की तो इथेच पुरला आहे, पण इथे म्हणजे कुठे, ते सांगत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रिटिश सैनिकांच्या कबरी सांभाळणारी एक मोठी संस्था आहे, म्हणजे सगळ्या सैनिकांच्या कबरींची यादी कुठेतरी तयार असणार, असे अनेकांना वाटते. संस्था आहे हे खरे. २१ मे १९१७ रोजी शाही सनदेने स्थापन झालेला आणि १९६० पासून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने ओळखला जाणारा हा आयोग दोन महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या स्मृती जपतो, आणि एकट्या ब्रिटनमध्ये त्याचे काम १२ हजारांहून अधिक ठिकाणी पसरलेले आहे. परंतु त्याचा अधिकार तारखांनी बांधलेला आहे : पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या मुदतीत मरण पावलेला सैनिक आयोगाचा. नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईत लढून म्हातारपणी अंथरुणावर मेलेला किंवा क्रिमियाच्या युद्धातून परतून शेतमजुरी केलेला शिपाई आयोगाच्या कोणत्याही यादीत नसतो. फार काय, पहिल्या महायुद्धात पॅशेंडेलच्या खंदकांत लढलेले हॅरी पॅच २००९ साली १११ व्या वर्षी वारले आणि बाथजवळच्या मंक्टन कूम या खेड्यातल्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले; तेही आयोगाच्या तारखांच्या बाहेरच राहिले. त्यांची कबर सापडते, कारण साऱ्या देशाने ती अंत्ययात्रा पाहिली होती. साध्या शिपायाच्या वाट्याला एवढे साक्षीदार येत नाहीत.

तर असाच एक साधा शिपाई आपण डोळ्यांसमोर ठेवू. तो काल्पनिक आहे, पण त्याच्यासारखे हजारो होते. समजा, तो विशीत असताना १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला होता, पुढे पेन्शन घेऊन एका खेड्यात राहिला आणि १८५६ साली वारला. वॉटर्लूचे पदक त्या लढाईतल्या सर्व दर्जांच्या सैनिकांना मिळाले होते, त्यामुळे त्याचे नाव आणि पलटण पदकाच्या यादीत मिळते. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनर सैनिकांचे निवृत्तीचे कागद आहेत, आणि ते वाचताना माणूस समोर उभा राहतो : जन्माचे पॅरिश, भरतीच्या वेळचे वय, भरतीपूर्वीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, कोणत्या जखमेमुळे नोकरी सुटली. पण जन्माच्या पॅरिशला धावत जाऊन शोध सुरू करणे ही इथली सर्वांत मोठी चूक ठरते. वीस वर्षे फौजेत काढलेला माणूस जन्मगावी परततोच असे नाही. तो बायकोच्या माहेरी किंवा काम मिळेल तिथे बस्तान बसवतो. म्हणून १८५१ ची जनगणना फार उपयोगी, कारण तिच्यात राहण्याचे ठिकाण, जन्माचे पॅरिश आणि व्यवसाय हे तिन्ही एकत्र येतात आणि व्यवसायाच्या जागी कित्येकदा ‘चेल्सी पेन्शनर’, म्हणजे लष्करी पेन्शन घेणारा, असे स्पष्ट लिहिलेले असते.

मृत्यूचा दाखला मात्र इथे फसवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूची सरकारी नोंद होऊ लागली, पण त्या दाखल्यावर दफन कुठे झाले हे लिहिलेले नसते. आपला शिपाई जवळच्या शहरातल्या गरीबगृहात किंवा इस्पितळात मेला असेल, तर दाखला त्या शहराचा निघतो आणि शोध चुकीच्या दफनभूमीत भरकटतो. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची अडचण वेगळीच आहे. १९४० च्या सप्टेंबरमध्ये लंडनमधल्या कागदपत्रांच्या कोठारावर बॉम्ब पडून लागलेल्या आगीत त्या युद्धातल्या सैनिकांच्या सेवापुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक जळाली. त्यामुळे १९१४ सालच्या शिपायापेक्षा १८१५ सालच्या शिपायाचे कागद अधिक भरघोस मिळतात, असा चमत्कारिक प्रकार या क्षेत्रात वारंवार घडतो.

इथवरचे काम घरबसल्या होते, आणि अनोळखी माणसांची मदत इथपर्यंतही पोचलेली असते, फक्त आपल्या ते लक्षात येत नाही. ज्या शोधखिडकीत आपण आडनाव टाकतो, तिच्यामागे एखाद्या स्वयंसेवकाने जुन्या वळणदार अक्षरातल्या दफन-नोंदी ओळीगणिक वाचून टंकलेल्या असतात. त्याहून मोलाचे काम कौटुंबिक इतिहास मंडळांनी करून ठेवले आहे. त्यांच्या सदस्यांनी कित्येक दशकांपूर्वी वही-पेन्सिल घेऊन गावोगावच्या चर्चच्या आवारातले लेख उतरवले आणि सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला. आज तो दगड कोरा झाला असेल, पडला असेल किंवा गवत कापणे सोपे जावे म्हणून उपटून कुंपणाच्या भिंतीला टेकवला असेल; त्या वहीत मात्र अक्षरे शाबूत आहेत आणि दगड मूळचा कुठे होता तेही आहे. माझ्या मते या सगळ्या शोधात अशा वहीइतके महत्त्वाचे दुसरे साधन नाही, आणि लोक नेमके तेच शेवटी पाहतात.

यानंतर हवा असतो तिथे चालत जाऊ शकणारा माणूस. शेजारच्या गावात राहणारा एखादा निवृत्त शिक्षक, आवाराची देखभाल पाहणारा चर्चवॉर्डन, किंवा दर पंधरवड्याला गवत कापणारा आणि कोणता दगड कुठे पायाला लागतो हे ठाऊक असलेला गडी. अशी माणसे मदतीला तयार असतात, हे या शोधांत पुन्हा पुन्हा दिसते. पण त्यांना काय विचारले जाते, यावर बरेच अवलंबून असते. ‘माझे पूर्वज तुमच्या गावात पुरले आहेत, कबर शोधून द्याल का?’ या प्रश्नावर कोणीही काय करणार? त्याऐवजी शिपायाचे नाव त्याच्या सर्व संभाव्य वर्णलेखनांसह, दफनाची तारीख, नोंदवहीतला क्रमांक, पलटणीचा क्रमांक, बायकोचे नाव आणि तिच्या मृत्यूचे साल, एवढे एका पानावर लिहून पाठवले, तर तोच माणूस तासाभरात कामाचे काहीतरी हाती घेऊन परततो. बायकोचे नाव मी मुद्दाम सांगितले. दगडाचा खर्च बहुधा एकदाच केला जाई, आणि नवरा आधी गेला असला तरी दगड पुढे मुलांनी आईसाठी उभारलेला असे. तेव्हा आपला वॉटर्लूचा वीर तिच्या लेखाखाली ‘आणि वरील स्त्रीचा पती’ एवढ्याच ओळखीने सापडण्याची शक्यता बरीच असते. पलटणीचा क्रमांकही उगाच नाही. १८८१ पूर्वी बहुतेक पायदळ पलटणी क्रमांकाने ओळखल्या जात आणि नंतर त्यांना परगण्यांची नावे मिळाली, त्यामुळे जुन्या दगडावर आजच्या इतिहासातले नाव शोधून उपयोग होत नाही.

आता प्रत्यक्ष आवारात येऊ. ख्रिस्ती परंपरेत कबर पूर्व-पश्चिम खणतात आणि पाय पूर्वेकडे ठेवतात. त्यामुळे दगडाचा लेख बहुधा पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून असतो, आणि याचा व्यावहारिक अर्थ असा की दुपारी, सूर्य दक्षिणेकडे असताना, ऊन दगडाच्या पृष्ठभागाला घासत जाते आणि जवळजवळ पुसलेल्या अक्षरांच्याही सावल्या पडतात. सकाळी कोरा दिसलेला दगड दुपारी पंधरा-वीस मिनिटे वाचता येतो आणि पुन्हा मुका होतो. झाडाच्या सावलीतल्या दगडावर आरशाने तिरपे ऊन पाडतात, किंवा संध्याकाळी विजेरी दगडाला जवळजवळ समांतर धरतात. दगडाची जात पाहणेही महत्त्वाचे. स्लेटवरची अक्षरे दोनशे वर्षांनीही काल कोरल्यासारखी असतात, वालुकाश्माचे पापुद्रे सुटून लेखासकट गळून पडतात, आणि चुनखडी पावसाने हळूहळू विरघळते. शिशाची अक्षरे बसवलेल्या दगडांची एक गंमत आहे : शिसे गळून गेले तरी ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे उरतात, आणि त्या छिद्रांच्या रचनेवरून अक्षर ओळखता येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते किड्यांनी पाडलेले भोक वाटते.

मदत करणाऱ्याकडून एक अपराध हमखास घडतो, तो म्हणजे अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासणे, किंवा तारेच्या ब्रशने शेवाळ आणि दगडफूल खरवडणे. दगडफुलाबरोबर दगडाचा वरचा थर निघतो, आणि लेख त्याच थरात असतो. छायाचित्र चांगले येते आणि पुढच्या पिढीसाठी दगड संपतो.

आणि दगडच नसेल तर? खरे तर ही शक्यता सर्वांत मोठी आहे, कारण पेन्शनवर जगणाऱ्या शिपायाच्या घरच्यांना कोरीव दगड परवडत नसे. काही कबरींवर लाकडी फळी असे, आणि ती कधीच कुजून गेलेली असते. अशा वेळी नोंदवहीतल्या शेजारच्या नोंदी कामी येतात. आपल्या शिपायाच्या आधी आणि नंतर ज्यांचे दफन झाले त्यांचे दगड एकाच ओळीत, मध्ये एका कबरीची जागा सोडून उभे असतील, तर तर्क करायला आधार मिळतो. पण कुटुंबे आपापल्या पूर्वजांशेजारी जागा धरत असल्याने हा क्रम पदोपदी मोडतो, शिवाय शतकानुशतके तीच जमीन पुन्हा पुन्हा खणली गेलेली असते. जमिनीखाली खड्डा कुठे होता हे उपकरणे दाखवू शकतात, त्यात कोण होता हे नाही. म्हणून ‘याच आवारात, बहुधा उत्तरेच्या बाजूला’ हे उत्तर प्रामाणिक असेल तर मी ते अपयश मानत नाही. खापरपणतीला खूश करण्यासाठी कोणत्यातरी उंचवट्याकडे बोट दाखवणारा मदतनीस मात्र पुढच्या सगळ्या शोधकांची वाट चुकवतो.

कबर सापडल्यावर हौसेने नवा दगड लावायला जाऊ नये. इंग्लंडच्या चर्चचे आवार धर्मप्रांताच्या कायद्याखाली येते. तिथे दगड उभारणे किंवा जुना बदलणे यासाठी परवानगी लागते, आणि त्याची सुरुवात तिथल्या धर्मगुरूंकडे विचारणा करून होते. दगड बदलण्याची परंपरा मात्र जुनी आहे. विंचेस्टर कॅथेड्रलच्या आवारात, तापलेल्या अंगाने थंड हलकी बिअर प्याल्यामुळे १७६४ साली मेलेल्या टॉमस थेचर या हॅम्पशायरच्या ग्रेनेडियरचा दगड आहे, आणि तो १७८१ साली दुरुस्त केला गेला, तर १८०२ व १९६६ साली नव्याने उभारला गेला. सैनिक महायुद्धांच्या मुदतीत मेलेला असेल आणि आयोगाच्या यादीतून सुटला असेल, तर सेवेचे आणि मृत्यूच्या कारणाचे पुरावे आयोगाकडे पाठवता येतात, आणि असे सुटलेले सैनिक शोधून काढणे हेच काम स्वयंसेवकांचा एक गट वर्षानुवर्षे करत आला आहे. ब्रिटनमध्ये मेलेल्या पण कबर न सापडलेल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची नावे ब्रुकवुड इथल्या स्मारकावर कोरली जातात.

राहता राहिले छायाचित्र पाठवणे. लेखाचे जवळून एक, संपूर्ण दगडाचे एक, आणि मागे चर्चची इमारत दिसेल असे तिसरे, अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, कारण तिसरे नसेल तर पहिल्या दोनांवरून कोणालाच काही सापडत नाही. त्यांच्यासोबत शब्दांतही लिहावे : दक्षिणेच्या दाराकडे पाठ करून उभे राहिल्यावर, मोठ्या यू वृक्षाच्या डावीकडे, वाटेपासून तिसऱ्या ओळीत, भिंतीकडून पाचवा दगड. हा मजकूर खापरपणतीला पाठवावाच, पण त्याची एक प्रत चर्चवॉर्डनकडे आणि एक परगण्याच्या अभिलेखागारात, जिथे ती जुनी नोंदवही ठेवलेली आहे तिथे, द्यावी आणि वर नोंदीचा क्रमांक टाकावा.