खड्ड्याच्या कडेची साय

श्रोतेहो, नमस्कार.

अडुळसा, तुळस, कडुनिंब, निर्गुडी. ही पानं कशावर वापरतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आज मला त्याच्या पुढच्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. हे पान जिवाणूंना मारतं का? आणि मारत असेल, तर ते तपासायचं कसं? मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी पदव्युत्तर वर्गातली दोन-तीन मुलं प्रकल्पासाठी हाच विषय घेऊन माझ्याकडे येतात. मला तो मनापासून आवडतो. फारशी महागडी उपकरणं लागत नाहीत आणि निकाल डोळ्यांना दिसतो.

आधी अर्क. पानं सावलीत वाळवायची, कुटून पूड करायची, ती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवायची किंवा उकळायची आणि गाळून घ्यायची. पाण्यात उतरतात ती द्रव्यं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरतात ती वेगळी. म्हणून एकाच पानाचे दोन अर्क अगदी वेगळे वागू शकतात. तापमानाचंही तसंच. चीनमधल्या तू यूयू यांना मलेरियावरचं आर्टेमिसिनिन सापडलं ते उकळणं सोडून कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढल्यावर. मलेरियाचा परजीवी म्हणजे जिवाणू नव्हे, पण धडा तोच आहे. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता प्लेट. पेट्री डिशमध्ये अगारचा चार मिलिमीटर जाडीचा थर ओतायचा. तो जेलीसारखा गोठतो. मग जिवाणूंचं द्रावण घ्यायचं, ते ठरावीक गढूळ हवं. काळ्या रेघांचं कार्ड नळीमागे धरून तो गढूळपणा प्रमाण नळीशी ताडून बघतात. नीट जुळला, तर एका मिलिलिटरमध्ये साधारण पंधरा कोटी जिवाणू असतात. कापसाच्या बोळ्याने ते सगळ्या अगारवर सारवायचे, प्लेट फिरवून तीन दिशांनी. मग बारीक नळीने अगारमध्ये खड्डे पाडायचे. एकात अर्क, एकात नुसतं द्रावक, एकात माहितीतलं अँटिबायोटिक. रात्रभर ऊबेत ठेवायचं. सकाळी अगारवर जिवाणूंची ढगाळ चादर पसरलेली असते, आणि जिथे ते वाढू शकले नाहीत तिथे खड्ड्याभोवती स्वच्छ, गोल वलय. प्लेट उलटी धरायची, खाली काळा कागद घ्यायचा आणि पट्टीने वलयाचा व्यास मोजायचा.

मोजताना खड्ड्याचा व्यासही त्यात येतो. म्हणजे खड्डा आठ मिलिमीटरचा असेल आणि मुलांनी वहीत आठ लिहिलं, तर वलय शून्य. हे दरवर्षी सांगावं लागतं.

आणि हे आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. वलय एवढंच सांगतं, की या खड्ड्यात जिवाणूंना रोखणारं काहीतरी आहे. ते काहीतरी कुठून आलं, हे वलय सांगत नाही. पुन्हा सांगते. कुठून आलं, हे वलय सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. शांत मुलगी, हात फार स्वच्छ. तिने निर्गुडी घेतली होती. तिची एक सवय मला विशेष आवडायची. ती सगळं वहीत लिहायची, पेनाने, वेळेसकट. हल्ली मुलं फोनमध्ये फोटो काढून ठेवतात आणि त्यालाच नोंद म्हणतात. माझं मत पक्कं आहे. फोटोत जे आलं ते दिसतं. आपण काय केलं, किती वाजता केलं, मध्ये कशासाठी थांबलो, हे हातानेच लिहावं लागतं. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर लावायचा नाही. असो.

तर तिने निर्गुडीच्या पानांची पूड पाण्यात उकळली, दहा ग्रॅमला शंभर मिलिलिटर. गाळली. अर्क खड्ड्यांत घातला. एका प्लेटवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे त्वचेवर आणि जखमांत सापडणारा जिवाणू. दुसऱ्या प्लेटवर आपल्या आतड्यातला ई. कोलाय. दुसऱ्या दिवशी ती धावतच माझ्या टेबलापाशी आली. स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटवर अठरा मिलिमीटरचं वलय! कडा इतकी रेखीव, की कंपासने काढल्यासारखी. ई. कोलायच्या प्लेटवर काहीच नाही.

ई. कोलायवर काही नाही, याने आमचा विश्वास उलट वाढला. कारण बहुतेक पानांच्या अर्कांचं तसंच होतं. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, ते पुष्कळशी द्रव्यं आत येऊ देत नाही. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-धन जिवाणूंना ते नसतं. म्हणजे निकाल पुस्तकात असतो तसाच आला होता. साध्या निर्जंतुक पाण्याच्या खड्ड्याभोवती वलय नाही, जेंटामायसिन या अँटिबायोटिकभोवती नेमकं हवं तेवढं. मी तिला म्हटलं, "अजून दोनदा कर." तिने केलं. पुन्हा अठरा, मग सतरा. मला फार आनंद झाला. तो मी तिच्यापासून लपवलाही नाही.

मग बुधवार उजाडला. आमच्या प्रयोगशाळेतले मामा जुन्या प्लेट्स गोळा करत होते. वापरलेल्या प्लेट्स आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात जातात, मगच पुढे. मामांना एक सवय होती. प्रत्येक प्लेट डब्यात टाकण्याआधी ते ती उजेडाकडे धरून बघायचे. ती पहिली प्लेट इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ऊबेच्या कपाटात, मागे राहून गेली होती, चार दिवसांची झाली होती. मामांनी ती उजेडाकडे धरली, जवळ आणली, आणि मला हाक मारली.

"मॅडम, ही बघा. खड्ड्याच्या कडेला साय धरलीय."

मी भिंग घेतलं. खरंच साय होती. अर्काच्या खड्ड्याच्या काठावर मळकट पांढरी, सुरकुतलेली, कोरडी साय. काठावरून ती अगारवर एखादा मिलिमीटर चढली होती. पाण्याच्या खड्ड्यात नाही, जेंटामायसिनच्या खड्ड्यात नाही. फक्त निर्गुडीच्या. आणि ती होती बरोबर त्या सुंदर वलयाच्या मध्यावर.

साय म्हणजे वाढ. जिथे काही वाढू नये, तिथे काहीतरी मजेत वाढत होतं. मी सुईने त्यातला कण उचलला, काचपट्टीवर पसरवला, ग्रॅम-धन की ग्रॅम-ऋण ते ओळखायचा ग्रॅमचा रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या काड्या दिसल्या. काही काड्यांच्या पोटात रंग न घेतलेला लख्ख ठिपका. तो बीजाणू, म्हणजे जिवाणूचं टणक, झोपलेलं रूप. मातीत, धुळीत, पानांवर सगळीकडे असणारा बॅसिलस गटातला जिवाणू.

आता तुम्ही म्हणाल, अर्क तर उकळलेला होता. होय, उकळलेला होता. पण बॅसिलसचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. ते मारायला वाफेचा दाब लागतो, १२१ अंश सेल्सिअस, निदान पंधरा मिनिटं. उकळण्याने पानावरचे बाकीचे जिवाणू मेले, आणि बॅसिलसला सगळं रान मोकळं मिळालं.

मी तिची वही मागवली. आणि इथे ती वही उपयोगी पडली. तिने लिहिलं होतं: "उकळणं संपलं, गुरुवार, दुपारी ४.१०. गाळताना कागद तुंबला. कापसाचा बोळा लावून टेबलावर ठेवलं. शनिवारी सकाळी गाळलं." म्हणजे जवळजवळ चाळीस तास तो काढा बाहेर टेबलावर होता. बीजाणू जागे झाले, वाढले, वाढताना त्यांनी आपलं द्रव्य त्या काढ्यात सोडलं. आणि गाळण्याच्या कागदाने त्यांना अडवलं नाही, कारण त्या कागदाची छिद्रं अकरा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जिवाणू एका मायक्रॉनच्या आसपास जाड.

बॅसिलस अँटिबायोटिक तयार करतात, हे जुनं ज्ञान आहे. बॅसिट्रासिन हे औषध तिथूनच आलं. १९४३ साली मार्गारेट ट्रेसी नावाच्या एका लहान मुलीच्या जखमेत तो जिवाणू सापडला. बॅसिलसमधलं बॅसि आणि तिच्या आडनावातलं ट्रेसी, अशी त्या नावाची जोडणी आहे. आणि बॅसिट्रासिन चालतं मुख्यतः ग्रॅम-धन जिवाणूंवर. म्हणजे स्टॅफिलोकॉकसवर चालतं, ई. कोलायवर जवळजवळ नाही. आमचा जिवाणू नेमकं बॅसिट्रासिनच तयार करत होता असं मी म्हणत नाही. पण पुस्तकात असतो तसा तो निकाल एका जिवाणूनेही दिला असता, हे मला त्या क्षणी दिसलं.

तिला बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, रडेल. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, ०.२२ मायक्रॉनचे फिल्टर किती शिल्लक आहेत?" तो फिल्टर जिवाणूंना अडवतो. पुढच्या आठवड्यात तिने जे केलं, ते मी आजही प्रत्येक नव्या वर्गाला सांगते.

पहिल्यांदा ताजा काढा. उकळला, लगेच गाळला, लगेच बारीक फिल्टरमधून काढला आणि खड्ड्यात घातला. वलय नाही. नुसता खड्डा.

मग जुना, चाळीस तासांचा काढा त्याच फिल्टरमधून काढला. आता त्यात एकही जिवाणू नाही. आणि वलय आलं! सोळा मिलिमीटर. इथे एखादा म्हणाला असता, बघा, निर्जंतुक करूनही वलय येतंय, म्हणजे पानच ते. पण फिल्टर जिवाणूला अडवतो, जिवाणूने आधीच पाण्यात सोडलेलं द्रव्य अडवत नाही. तिला ते कळलं होतं.

म्हणून तिसरा प्रयोग. त्या सायीतला जिवाणू तिने साध्या पोषक द्रावणात वाढवला. दोन दिवस. पान नाही, पूड नाही, निर्गुडीचा कणही नाही. ते द्रावण फिल्टरमधून काढून खड्ड्यात घातलं, शेजारच्या खड्ड्यात तेच पोषक द्रावण, पण जिवाणू न वाढवलेलं. सकाळी इन्क्युबेटर उघडला तेव्हा आम्ही तिघं समोर उभे होतो. ती, मी आणि मामा. जिवाणूवाल्या खड्ड्याभोवती सतरा मिलिमीटर. शेजारी काही नाही.

मामा म्हणाले, "म्हणजे पाला नव्हताच."

पाला नव्हताच. आणि पहिल्या तीन प्लेट्सचे ते अठरा, अठरा, सतरा? ते तिन्ही एकाच बाटलीतल्या अर्काचे. एका बाटलीतून तीन प्लेट्स केल्या, तर तो एकच प्रयोग तीनदा मोजला. तीनदा करायचं म्हणजे पानं तीनदा वाळवायची, अर्क तीनदा काढायचा. मी "अजून दोनदा कर" म्हटलं, पण हे तिला म्हटलं नाही. ते माझ्याकडून राहिलं.

तिने प्रबंधात सगळं लिहिलं, आधीचे आकडेही आणि मग ते का टाकून दिले तेही. असे निकाल छापले जावेत असं मला तळमळून वाटतं. वलय आलं की शोधनिबंध होतो, नाही आलं की वही कपाटात जाते, आणि पाच वर्षांनी दुसरा कोणीतरी तेच पान, तोच काढा, तोच रिकामा खड्डा घेऊन बसतो. ती मेहनत वाया जाते, तरुण मुलांची वर्षं वाया जातात. याचा मला राग येतो.

वेळ थोडा उरला आहे, दोन गोष्टी पटकन सांगते.

एक. "अमुक पानाचा अर्क जेंटामायसिनइतकाच प्रभावी" असं वाक्य दिसलं, तर किती घातलं ते विचारा. खड्ड्याऐवजी अगारवर ठेवतात त्या जेंटामायसिनच्या कागदी चकतीत दहा मायक्रोग्रॅम औषध असतं. खड्ड्यात घातलेला अर्क पुष्कळदा दहा मिलिग्रॅम असतो. म्हणजे हजारपट. पुन्हा सांगते, हजारपट. हजारपट घालून वलय सारखं आलं, तर ते सारखं नव्हे. शिवाय मोठे किंवा तेलकट रेणू अगारमध्ये नीट पसरतच नाहीत, म्हणून लहान वलय म्हणजे दुबळा अर्क असंही नाही. म्हणूनच पुढची पायरी लागते. छोट्या खळ्यांच्या ट्रेमध्ये अर्क निम्मा, मग निम्म्याचा निम्मा करत जायचं आणि जिवाणू कुठपर्यंत रोखले जातात ते बघायचं. रेझाझुरिन नावाचा निळा रंग घातला, की जिथे जिवाणू जिवंत आहेत तिथे तो गुलाबी होतो. शेवटची निळी खळी कोणती, तो आकडा खरा. आणि तोही प्लेटचा आणि ट्रेचा आकडा. शरीरात पान पोटात जातं, यकृतातून जातं. डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक अशा आकड्यावर विसंबून कृपा करून अर्धवट सोडू नका.

दुसरी. पानांवरचा माझा विश्वास या सगळ्याने उडालेला नाही. दारुहळदीच्या कुळात बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. एकटं बर्बेरिन स्टॅफिलोकॉकसवर दुबळं पडतं, कारण तो जिवाणू ते पंपाने बाहेर फेकतो. २००० साली संशोधकांनी दाखवलं, की त्याच कुळातल्या वनस्पती आणखी एक द्रव्य तयार करतात, जे स्वतः जिवाणूला मारत नाही, पण तो पंप बंद पाडतं. एकीकडे वार, दुसरीकडे दाराला कडी. वेगळं काढलेलं एकटं द्रव्य तपासलं असतं, तर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून अख्ख्या पानाचा अर्क तपासायचा, आणि जपून तपासायचा.

आणि पानाचं नाव शास्त्रीय लिहायचं, वाळवलेला नमुना जपून ठेवायचा. ब्राह्मी म्हटलं, की कोणी बाकोपा आणतो, कोणी मंडूकपर्णी. दोन्ही वनस्पती पार वेगळ्या.

त्या विद्यार्थिनीने पुढे निर्गुडीचा मिथेनॉलमधला अर्क काढला, पूर्ण सुकवला, फिल्टर केला, तीन वेगळ्या वेळी वाळवलेल्या पानांपासून. लहानसं वलय आलं, तिन्ही वेळा. ती आता दुसरीकडे नोकरी करते. सायीतला तो जिवाणू मात्र आमच्या फ्रीजमध्ये आहे. दर काही महिन्यांनी आम्ही तो नव्या नळीत घेतो. लेबल जुनंच ठेवलं आहे, तिच्या अक्षरातलं: "निर्गुडी, पहिली प्लेट, मामांना दिसलेला."

नमस्कार.