बिल आलं त्या दिवशीच

(दृश्य : कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. शटर वर जातात. लेथ सुरू होतात.)

उद्यमनगरात सकाळ सुरू होते ती यंत्रांच्या आवाजानं. इथे, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लोखंड ओतलं जातं, कास्टिंगवर यंत्रकाम होतं आणि तयार माल बाहेरच्या मोठ्या कारखान्यांकडे रवाना होतो. इथला कारागीर मायक्रॉनचा फरक पकडतो. एवढ्या काटेकोर माणसांच्या शेडमध्ये खरेदीची बिलं कुठे कुठे पडलेली असतात आणि बिलं नोंदवणारं सॉफ्टवेअर त्यात काय मदत करतं, ते आता बघू.

(दृश्य : केबिनमधलं टेबल. सुईत ओवलेली बिलं, फुगलेली फाइल, मोबाइल.)

पिग आयर्नचं बिल ईमेलवर आलेलं. रेझिनचं बिल ड्रायव्हरच्या खिशातून, घडी पडलेलं. इन्सर्ट, म्हणजे यंत्रातल्या कापणाऱ्या हत्याराची बदलायची टोकं, विकणाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, तो शुभेच्छांच्या मेसेजांखाली गेला. टेम्पोचं भाडं वहीच्या फाडलेल्या पानावर. पेट्रोल पंपाची पावती थर्मल कागदाची, म्हणजे काही महिन्यांत पुसट होऊन जाणारी. महिना संपला की हे सगळं एका पिशवीत भरून सीएंच्या ऑफिसात पोहोचतं. तोवर त्या महिन्यात नेमका खर्च किती झाला, हे मालकालाही ठाऊक नसतं.

ही पिशवी महाग पडते. आळस हे त्याचं कारण नाही, कारण आहे कराची रचना.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. खरेदीवर भरलेला कर आपण विक्रीवरच्या करातून वजा करून घेतो. एक लाखाच्या मालावर १८ टक्क्यांनी १८ हजार. हे १८ हजार परत आपल्या कामी यायला हवेत. पण १ जानेवारी २०२२ पासून हातात बिल असणं पुरत नाही. विक्रेत्याला ते बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीत, उतरावं लागतं. त्यानं दाखवलं नाही, किंवा आपला जीएसटी क्रमांक चुकवला, तर त्या महिन्यात तेवढी रक्कम आपल्या खिशातून जाते. ज्या वर्कशॉपला पगाराच्या तारखेची चिंता असते, तिथे १८ हजार ही छोटी रक्कम नाही.

(दृश्य : मोबाइलवर बिलाचा फोटो. पडद्यावर आकडे उमटतात.)

आता सॉफ्टवेअर इथे काय करतं ते बघू. बिलाचा फोटो किंवा पीडीएफ आत टाकली की ते त्यावरची अक्षरं वाचतं : विक्रेत्याचं नाव, बिल क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम, कर. वाचताना चूक होतेच. आठाचा बी होतो, शून्याचा ओ होतो. पण जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणितानं ठरतं. एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं तर हा हिशेब बसत नाही आणि ओळ लाल होते. पहिले दोन आकडे राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र. सांगलीहून माल आला तर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा. बेळगावहून आला तर क्रमांक २९ नं सुरू होतो आणि कर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा एकत्र कर. कोल्हापूरला बेळगाव किती जवळ, पण हिशेबात ते दुसरं राज्य. विक्रेत्यानं यात गल्लत केली असेल, तर सॉफ्टवेअर ती त्याच दिवशी दाखवतं.

एकच बिल आधी व्हॉट्सअॅपवर आणि आठवड्यानं कागदावर येतं, दोनदा नोंदलं जातं, कधी कधी पैसेही दोनदा जातात. विक्रेता आणि बिल क्रमांक तेच असतील, तर दुसरी नोंद तिथेच अडते.

मोठ्या पुरवठादारांकडून येणारी बिलं आणखी सोपी. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक आहे. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम थेट मिळते. उलट गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याचं हातानं लिहिलेलं मराठी बिल अजूनही भल्याभल्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही. ते हिशेब बघणाऱ्या ताईंनाच भरावं लागतं.

(दृश्य : कॅलेंडर. ११, १४ आणि २० तारखेवर खुणा.)

पण टायपिंगचे कष्ट वाचतात म्हणून कुणी सॉफ्टवेअर घेत असेल, तर त्यानं त्यातली मोठी गोष्ट पाहिलीच नाही. या तारखा बघा. दरमहा विवरणपत्र भरणारा विक्रेता मागच्या महिन्यातली आपली विक्री ११ तारखेपर्यंत दाखवतो. १४ तारखेला आपली २बी तयार होते. २० तारखेपर्यंत आपल्याला कर भरायचा असतो. चूक १८ तारखेला, पिशवी उघडल्यावर सापडली, तर त्या महिन्यापुरती वेळ निघून गेलेली असते. बिलं रोजच्या रोज आत गेली असतील, तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच यादी समोर येते : ही बिलं आपल्याकडे आहेत, पोर्टलवर अजून दिसत नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आहे. विक्रेत्यानं बिल नोंदवून जतन केलं की ते तिथे दिसू लागतं. म्हणजे ११ तारखेच्या आत फोन करता येतो, “साहेब, आमचं ४ नंबरचं बिल राहिलंय.” आमच्या मते सॉफ्टवेअरची किंमत या एका फोनमध्ये वसूल होते.

इथे उद्यमनगरची एक खास अडचण आहे. लहान पुरवठादार, ज्यांची उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे, ते तिमाही विवरणपत्र भरू शकतात. त्यांनी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांतली बिलं त्या त्या पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत स्वतंत्रपणे चढवली नाहीत, तर आपला कर तिमाही संपेपर्यंत अडकतो. शेजारच्या शेडवाल्याशी वीस वर्षांचे संबंध, त्याला तगादा कसा लावणार? पण कोणत्या विक्रेत्याकडे किती रक्कम अडकली आहे हे आकड्यानं दिसलं, की तेच बोलणं सोपं आणि सौम्य होतं.

(दृश्य : यंत्राशेजारी इन्सर्टचे डबे.)

खर्चाकडे येऊ. बहुतेक ठिकाणी बिलाची फक्त एकूण रक्कम नोंदवली जाते. “टूल्स, २३ हजार.” त्यातून काहीच कळत नाही. ओळीनुसार नोंद केली, इन्सर्ट किती नग, दर काय, तर सहा महिन्यांत तोच इन्सर्ट चार वेळा थोडा थोडा महागलाय, हे लक्षात येतं. एकेका बिलात ती वाढ कुणाच्या डोळ्यात भरत नाही. ग्राहकाकडे जॉबचा दर वाढवून मागताना हा कागद समोर ठेवता येतो, आणि इथल्या कित्येक उद्योजकांना तोच हवा आहे.

खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हे सॉफ्टवेअर मागच्या नोंदींवरून सुचवतं. ते डोळे झाकून मान्य करू नका. हार्डवेअरच्या त्याच दुकानातून ग्राइंडिंग व्हील येतं आणि घरच्या बाथरूमचा नळही येतो. विजेवर जीएसटी नाही, पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर. पाहुण्यांच्या हॉटेलच्या जेवणावरचा कर वजा मिळत नाही. हे नियम एकदा नीट भरून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी सीएंसोबत एक दुपार बसावं लागतं.

देणीही तारखेनं दिसली पाहिजेत. बिलाला १८० दिवस झाले आणि विक्रेत्याला पैसे दिले नाहीत, तर वजा करून घेतलेला कर व्याजासह परत करावा लागतो. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाची रक्कम लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायची असते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत चुकवली, तर तो खर्च प्राप्तिकरात पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच धरला जातो.

(दृश्य : संगणकाचा पडदा, नोंदींची यादी.)

बिलं आणि नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. सॉफ्टवेअरची वर्गणी तेवढी वर्षं चालू राहील, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा : वर्गणी थांबवली, तर सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये आणि मूळ बिलांच्या प्रती सोबत बाहेर काढता येतात का? चाचणीच्या महिन्यातच त्या एकदा काढून बघा, उघडून बघा आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.